केबलच्या जोडावरची टोपी

खोका उघडला तेव्हा मी तिथेच होते, म्हणून खात्रीने सांगते. दुपारी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार खिडकीवर कुणी नव्हतं, म्हणून ह्यांचा डबा द्यायला मी मागच्या स्टोअरमध्ये गेले होते. नव्या मालाचे चाळीस खोके भिंतीला लावून ठेवले होते. ह्यांनी एकाची पट्टी कापली, कागद बाजूला सारला आणि आतली वस्तू हातात घेऊन नुसते उभे राहिले. निळं गुळगुळीत प्लास्टिक, वर कंपनीचं चिन्ह उठवलेलं. बाकी सगळं तेच. तोच एका बाजूने बंद पाइप, काठाला तीच खाच, केबल बांधायला आत तोच आडवा दांडा. आमच्या ह्यांची टोपी दुसऱ्याचं नाव लावून आमच्याच स्टोअरमध्ये येऊन पडली होती. आणि हे काय म्हणाले असतील?

"प्लास्टिक चांगलं वापरलंय."

ऐकलंत? असा हा माणूस. एक्स्चेंजमध्ये सगळे ह्यांना घुम्या म्हणतात, अगदी तोंडावर, आणि हे त्यालाही ओ देतात. सव्वीस वर्षं केबलचे जोड करतात. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरायचं, ओल्या मातीत मांडी घालून बसायचं आणि शंभर जोड्यांच्या तारा एकेक करून रंगाला रंग जुळवायच्या. बाहेर आले की अंगाला मेणाचा वास. मी तक्रार खिडकीवर. लोक मला शिव्या देणार, मी त्या वहीत लिहिणार आणि चिठ्ठी ह्यांच्याकडे जाणार. लग्नाआधी दीड वर्ष आमचं बोलणं त्या चिठ्ठ्यांवरच झालं. 'फोन मुका.' 'दुरुस्त.' 'पुन्हा मुका.' 'पुन्हा दुरुस्त.' मला वाटलं, कामात आहे म्हणून कमी बोलतो. कसलं काय, स्वभावच तो.

पावसाळ्यात चेंबर भरले की माझ्या खिडकीवर रांग लागायची. जोडावर कितीही पट्ट्या गुंडाळा, पाणी आत शिरायचंच. एकदा जेवण झाल्यावर हे ग्लास विसळत होते. ग्लास पालथा धरून बादलीत दाबला, वर काढला, आतला तळ बोटाने चाचपला आणि पुन्हा दाबला. असं दहा वेळा. मी म्हटलं, अहो, लहान आहात का पाण्यात खेळायला? दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा घेऊन त्याचं एक टोक तापवून बंद केलं. तो चेंबरमध्ये पालथा टांगला आणि केबल खालून आत घेऊन जोड वरच्या बाजूला बांधला. चेंबर गळ्यापर्यंत भरला तरी आतली हवा पाण्याला वर येऊ देईना. इतकं सोपं. इतक्या वर्षांत एकाही शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं.

दोन पावसाळ्यांत ह्यांनी आपल्या भागात तीनशे बारा टोप्या टांगल्या. त्या भागाच्या तक्रारी माझ्या वहीत पानावरून चार ओळींवर आल्या. वही माझीच, त्यामुळे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साहेबांना पत्ता नव्हता आणि हे तर स्वतःहून सांगणाऱ्यांतले नव्हेतच. मग माझीच जीभ वळवळली. खात्याचं एक मासिक निघतं. बढत्या, बदल्या, निवृत्तीचे फोटो, शेवटी शब्दकोडं. मी बसून दीड पान लिहिलं. 'जमिनीखाली बसून काम करणाऱ्या एका माणसाने' अशी सुरुवात केली. ह्यांच्या वहीतलं टोपीचं चित्र असलेलं पान हळूच फाडलं आणि मजकुरासोबत लिफाफ्यात घातलं. खाली माझं नाव घातलं नाही. बायकोने नवऱ्याचं कौतुक केलं म्हणून एक्स्चेंजभर फिदीफिदी हसले असते. वर कळस म्हणजे, शब्दकोड्याचं उत्तर आहे असं सांगून लिफाफा ह्यांच्याच हाती टपालात टाकायला दिला.

छापून आलं, चित्रासकट. सगळ्यांनी धरलं की साहेबांनीच लिहिलं असणार. साहेबही असे बिलंदर, की कामगारांच्या गुणांची कदर करणं हे माझं कर्तव्यच आहे म्हणाले. मी ओठ चावून गप्प बसले. ह्यांनी अंक घरी आणला, एकदा वाचला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. एवढंच.

त्यानंतर वर्षभराने दूरसंचार नियामकाचा नवा नियम आला. जमिनीखालच्या प्रत्येक जोडावर पाणी अडवणारं आवरण हवं, आणि ते मान्यताप्राप्त यादीतलंच हवं. यादीत यायला प्रयोगशाळेचा दाखला लागतो. ह्यांच्याकडे कुठला दाखला? तीनशे बारा चेंबर पावसाळाभर बोलत होते, पण त्यांचा शिक्का चालत नाही. यादीत नाव एकच होतं, आणि त्याच कंपनीचे ते चाळीस खोके. हुकूम ह्यांच्या टेबलावर: विनामान्यता बसवलेली सर्व आवरणं काढून त्या जागी मान्य आवरणं बसवावीत. म्हणजे आपल्या टोप्या आपल्याच हाताने काढायच्या आणि त्या जागी आपल्याच टोप्या दुसऱ्याच्या नावाने बसवायच्या. वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे शिडी घेऊन निघाले. नोकरी आहे, म्हणाले.

मी मात्र वकील गाठला. वकील म्हणजे एक तरणीताठी बाई, खोलीभर फायली आणि बोलण्यात अजिबात पाल्हाळ नाही. तिने सांगितलं, कंपनीने या वस्तूच्या पेटंटचा अर्जही करून ठेवलाय. तुम्हीही अर्ज करा, आणि शोध तुमचा आहे हे सिद्ध करा. पेटंट तुमच्या नावावर लागलं तर कंपनीला तुम्हाला विचारल्याशिवाय एकही टोपी बनवता येणार नाही, आणि नियामकाला यादी बदलावी लागेल. मला एवढंच हवं होतं. त्या निळ्या प्लास्टिकवर ह्यांचं नाव उठवलेलं बघायचं होतं. हे म्हणाले, बघ बाई तुला जमतंय तर. आणि सह्या करत गेले.

वकीलबाईने पुरावे मागितले तेव्हा मी वहीची पानं दिली, तक्रारींचे आकडे दिले. मासिकाचा अंक मात्र दिला नाही. आता कबूल करते, तो माझा माज होता. कंपनीच्या माणसासमोर ऐन वेळी तो हुकमाचा एक्का टाकायचा आणि त्याचं तोंड कसं उतरतं ते डोळ्यांनी बघायचं, एवढीच हौस.

सुनावणी पेटंट कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. मधोमध परीक्षक साहेब, वयस्कर, मऊ बोलणारे, बाजूला टंकलेखनाला एक बाई. समोर कंपनीचा टायवाला. तो म्हणाला, आमच्या संशोधन विभागाने हे आवरण तयार केलं, या गृहस्थांच्या वहीला तारखेचा काही आधार नाही. झालं, मी याचीच वाट बघत होते. पिशवीतून अंक काढला आणि टेबलावर आपटला. वकीलबाईने मला कोपर मारलं, पण तोवर उशीर झाला होता.

"हा घ्या आधार," मी म्हटलं. "छापील आहे. तुमच्या अर्जाच्या चौदा महिने आधी."

परीक्षक साहेबांनी चष्मा लावून दीड पान वाचलं. चित्र बघितलं. मी टायवाल्याकडे बघत होते. त्याचं तोंड उतरलं तर नाहीच, उलट तो खुर्चीला टेकून बसला. वकीलबाईने कपाळावर हात ठेवला. मला काही कळेना.

साहेबांनी मग सावकाश समजावून सांगितलं. अर्ज करण्याआधी जी गोष्ट जगजाहीर झाली, तिचं पेटंट कुणालाच मिळत नाही. कंपनीला नाही, आणि ज्याने शोध लावला त्यालाही नाही. खात्याचं मासिक प्रत्येक वाचनालयात जातं, म्हणजे ते जगजाहीरच. दोन्ही अर्ज पडतील. पेटंट नाही म्हटल्यावर टोपी वाटेल त्याने बनवावी, आणि मान्यतेचा दाखला तर कंपनीकडे आहेच. ती बनवत राहील.

ज्यांच्या नावासाठी एवढी धावपळ केली, त्यांच्या पायावर मीच धोंडा टाकला होता. तोही दोनदा: एकदा लिहून आणि एकदा इथे आणून. ह्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना.

साहेबांना माझी कणव आली असावी. अंक मिटता मिटता म्हणाले, एक अपवाद आहे. शोध लावणाऱ्याच्या संमतीशिवाय, त्याच्याकडून चोरून कुणी ते छापलं असेल, तर ते धरलं जात नाही, आणि शोध लावणाऱ्याचा अर्ज टिकतो. हा लेख कुणी पाठवला?

मी एका क्षणात उठून उभी राहिले.

"मी पाठवला, साहेब. ह्यांना न विचारता. वहीचं पान चोरून फाडलं. ह्यांना आजपर्यंत ठाऊक नाही."

खोलीत टंकलेखनाचा खटखटाट तेवढा चालू होता. माझं बोलणं शब्दन्‌शब्द कागदावर चढत होतं, 'चोरून' हा शब्दसुद्धा. चढू दे, मला त्याची लाज नव्हती. टायवाला पहिल्यांदाच सरळ बसला. साहेब ह्यांच्याकडे वळले.

"तुमची संमती नव्हती. बरोबर?"

एक शब्द. 'नव्हती', एवढंच म्हणायचं होतं. मनातल्या मनात मीच तो दहा वेळा म्हटला.

"संमती होती," हे म्हणाले.

मला वाटलं, गांगरून चुकीचं बोलले. साहेबांनाही तसंच वाटलं, कारण त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला. ह्यांनी शांतपणे सांगितलं की वहीतलं पान गेलेलं त्याच दिवशी लक्षात आलं होतं. टपालपेटीपाशी लिफाफा उघडून सगळा मजकूर वाचला, पुन्हा चिकटवला आणि पेटीत टाकला. मजकुरात जोडाची उंची काठापासून चार बोटं लिहिली होती, ती खोडून सहा केली. मूळ कागद मासिकाच्या कचेरीत असेल, हवं तर बघून घ्या.

मी अंक ओढून घेतला. छापलं होतं, सहा बोटं. मी लिहिलं होतं चार, मला पक्कं आठवत होतं. दोन वर्षांत तो लेख मी कितीदा वाचला असेल, पण स्वतःचंच लिहिलेलं म्हणून प्रत्येक वेळी डोळ्यांना चारच दिसलं होतं. ज्या गोष्टीचं ओझं मी एकटी पोटात घेऊन फिरत होते, ती या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

साहेबांनी विचारलं, याचा परिणाम काय होईल हे कळतंय ना? हे म्हणाले, कळतंय. साहेबांनी फाइल बांधली. टायवाला उठून सगळ्यांशी हात मिळवून गेला, ह्यांच्याशीसुद्धा.

जिन्यात माझा तोल सुटला. दोन मजले मी नुसती बोलत होते. अहो, एका शब्दाने काय बिघडलं असतं, मी चोर ठरले असते तर ठरले असते, मला कोण फासावर देणार होतं, सव्वीस वर्षं चिखलात बसलात ती काय याचसाठी. हे कठड्याला हात धरून एकेक पायरी उतरत होते. खालच्या पायरीवर मी वाट अडवली आणि म्हटलं, निदान एवढं सांगा, लिफाफा उघडला तेव्हाच मला का नाही विचारलंत? तेव्हाच का नाही थांबवलंत? पान काढून घेतलं असतंत तर आज सगळं आपलं असतं.

ह्यांनी कठड्यावरचा हात काढला.

"माझ्याबद्दल तसं कुणी कधी लिहिलं नव्हतं गं," हे म्हणाले. "मला ते छापून आलेलं बघायचं होतं."

आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन ते रस्ता ओलांडायला लागले.