पणजीचा जोहार

"आवाज तुमचाच. पण तुम्ही पडद्यामागून गा," दिग्दर्शक म्हणाले. "स्टेजवर आमच्या मंडळातली एक मुलगी उभी राहील. गायिका जरा घरंदाज दिसायला हवी."

सिंगापुरातल्या बिशान भागातल्या हॉलमध्ये तालीम चालली होती. ज्या गायिकेचं हे नाटक, ती माझी पणजी. आणि तिच्यासारखी दिसायला मीच चालत नव्हते! तरी गेले पडद्यामागे. तिचं गाणं इथं पुन्हा ऐकू येईल, एवढाच लोभ.

पणजी महारवाड्यातली. नाटक कंपनीबरोबर इथं आली, लढाई पेटली आणि अडकली. जपान्यांचा अंमल बसला. गोदीतले मजूर तिच्या गाण्यावर जीव टाकायचे. स्वतः अर्धपोटी, पण तिच्यासाठी रताळं राखून ठेवायचे. रस्त्यात जपानी पहारेकरी दिसला की कमरेत वाकायचं, नाहीतर थोबाडीत. कंपनीतले मोठ्या घरचे नट वाकून आले की रडायचे. पणजी रडली नाही. म्हणाली, "तुम्ही आज वाकलात. आम्ही गावात पाटलाला रोज वाकून जोहार घालतो."

आमच्या घरात तिचं गाणं म्हणण्याआधी हे वाक्य म्हणतात. आजीनं मला तसंच शिकवलं. वाक्याशिवाय गाणं नाही.

त्या दिवशी तालमीत मोठ्या घरच्या नटीचं काम करणारी पहारेकऱ्यापुढे वाकली, रडली. मी पडद्यामागून ते वाक्य म्हटलं.

"ते गावचं कशाला?" दिग्दर्शकांनी तालीम थांबवली. "इथे जात कोण मानतं? लोक दुखावतात हो. फक्त गाणं घ्या."

जात कोण मानतं! पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून, गाव कुठलं, वडील काय करायचे, हे यांनीच खोदून खोदून विचारलं होतं.

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेली लेक पडदा सारून आत डोकावली, इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, व्हाय यू हायडिंग? कम आउट लाह."

लाज वाटली. पणजी बंदुकांच्या राज्यात बोलली, आणि मी एसी हॉलमध्ये पडद्याआड.

मी बाहेर आले. "गाणं मिळणार नाही."

"अहो, एका वाक्यासाठी?"

"हो."

आमचं हौगांग स्टेशन येईपर्यंत मेट्रोत रडत होते. नाटक होईलच. दुसरं गाणं घालतील, टाळ्याही पडतील. पोस्टरवर पणजीचं नाव राहील, तिचा महारवाडा पुसला जाईल. हे दुःख जायचं नाही.

आता ते गाणं मी आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत गाणार. सगळ्यांसमोर उभी राहून. आधी वाक्य म्हणणार, जपान्याचं आणि पाटलाचंही. ज्याला दुखेल त्याला दुखू दे. लेकीलाही तसंच शिकवणार. वाक्याशिवाय गाणं नाही.