जास्त मतं आईची होती

टीव्हीवर कुणी सांगत होतं, की अमेरिकेत देशभरात जास्त मतं मिळवणारा उमेदवारही हरू शकतो, कारण तिथे शेवटी राज्यांचे प्रतिनिधी मोजतात. बायकोला ते खरं वाटेना. मला मात्र वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारातला बर्फाचा ओला, खारट वास आला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी कॉलेजात होतो. मासे विकणाऱ्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष निवडायची होती. प्रत्येक वाडीने मतदान करून आपला एक पंच पाठवायचा आणि पंचांनी अध्यक्ष ठरवायची, असा नियम. आमच्या वाडीतली जवळजवळ सगळी मतं आईला पडली. बाकीच्या दोन वाड्यांत ती थोडक्यात हरली. तीन वाड्यांची मिळून मतं तिचीच जास्त, पण हार पडला तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या, शेजारच्या वाडीतल्या सुलोचनाच्या गळ्यात.

हातांवरचे खवले न धुताच आई संस्थेच्या सचिवासमोर उभी राहिली. "माका जास्त बायलांनी मत दिला ना? मगे अध्यक्ष ती कशी?"

"नियम आहे, बाई. तुम्हाला नाही कळायचं," तो हसून म्हणाला.

"माका कळला. तुमका बायलो नको, वाड्यो होयो!"

पुढच्याच आठवड्यात सुलोचनाने छपराखालच्या जागा आपल्या वाडीला वाटल्या. आईने शेवटपर्यंत गटाराशेजारी, उन्हात बसून बांगडे विकले.

गेल्या महिन्यात सुलोचना वारली. आमची सगळी वाडी मयताला गेली. मी घरीच बसलो.