देवीच्या कपाळावरचं कुंकू

मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी रंगकाम सोडलं. सोडलं कसलं, सोडावं लागलं. दसऱ्याच्या स्वारीसाठी रंगवलेले केशरी फेटे त्यांना लाल दिसायला लागले, तेव्हा त्यांनी आपले लाकडी ठसे पुसून माझ्या नवऱ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आता तुझं तू बघ." घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मला मात्र वेगळीच धास्ती पडली. हा माणूस आता दिवसभर घरात बसणार होता.

मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या रंगाऱ्यांच्या घरांत एक रीत होती. कामावरचा पुरुष देवपूजा करत नसे. नखांत नीळ मुरलेली, हातांना रंगाचा उग्र वास, असल्या हातांनी देवाला शिवायचं कसं? म्हणून पूजा घरातली बाई करी. म्हाताऱ्याने काम सोडलं आणि नखांतली नीळ गेली, की पूजा त्याच्याकडे येई. हा मोठा मान समजत. मामंजी रोज अंगणात उन्हाला बसून नखं डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि मला विचारत, "गेली का गं?" लग्नाची तारीख विचारावी तशी त्यांना घाई.

नखं कोरी झाली त्या सकाळी सासूबाईंनी मुकाट्याने देवापुढचा पाट सोडला. सून होऊन आल्या तेव्हापासून तो पाट त्यांचा होता. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या, हात नुसते मांडीवर. मला त्यांच्याकडे बघवेना.

मामंजींनी पूजा हाती घेतली ती अगदी कारखान्याच्या थाटात. देव चाचपून एका ओळीत मांडले, वस्त्रं पुन्हा धुवायला लावली, समया घासून घेतल्या. मग कुलदेवीचा चांदीचा टाक हातात घेतला, तर देवीच्या कपाळाशी अंगठ्याला काहीतरी जाड, खरखरीत लागलं. डाग लागला की तो काढल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. चिंच आली, रिठे आले. बराच वेळ घासल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकाने हाक मारली, "अगं, ये, बघ. केवढी लख्ख झाली तुझी देवी."

सासूबाई आल्या. टाकाकडे बघत उभ्या राहिल्या.

"डाग नव्हता तो," त्या म्हणाल्या. "रोजचं कुंकू होतं माझं. कालच्यावर आजचं. आपला थोरला गेला, त्याच्या दुःखातनं उठून लावलेलंही त्यातच होतं."

एवढंच बोलून त्या परसात गेल्या. मामंजी टाक हातात धरून तसेच बसले. कुठलाही उडालेला रंग पुन्हा आणून देतो, असं उभा जन्म गिऱ्हाइकांना सांगत आलेला हा माणूस, त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई परसातून आल्या, तर देवापुढे पाट मांडलेला आणि मामंजी बाजूला जमिनीवर बसून सहाणेवर गंध उगाळताहेत.

"बैस," ते म्हणाले. "पूजा तू कर. मी हे बघतो."

गडबडून त्यांच्या तोंडी गावातलं कानडी आलं, "बेड हो, नको ते. रीत आहे आपल्यात. जन काय म्हणतील?"

"म्हणू देत. रंग लावायचा म्हणजे काय, ते मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. तू लाव, मी शेजारी बसतो."

जन म्हणायचं ते म्हणालेच. बायकोच्या हाताखाली राबणारा म्हणून गल्लीत हसले. जातीतले दोन वडीलधारे समजूत घालायला आले. मामंजींनी त्यांना पान-सुपारी दिली, त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाण पुढे ओढली. म्हातारपणी गळ्यात माळ घालून घरच्यांना सळो की पळो करून सोडणारे पुष्कळ बघितले मी. ज्यांच्या एका हाकेवर सगळा कारखाना हलायचा, ते मामंजी आता गंध पातळ झालं का म्हणून सासूबाईंना विचारत. त्यांच्यासारखा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हळूहळू त्यांची चिडचिड गेली. सहाणेवर खोड फिरवता फिरवता ते तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत, आणि मग किती तरी वेळ नुसते शांत बसून राहत.

काही वर्षांनी सासूबाईंनी अंथरूण धरलं. एका सकाळी त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "आता तुम्हीच लावा हो."

मामंजींना तोवर जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. त्यांनी टाक दोन्ही हातांत घेतला आणि खांद्याने भिंत चाचपत ते सासूबाईंच्या खोलीकडे निघाले.

मी पुढे झाले. "मामंजी, सासूबाईंची अंघोळ नाही झालेली."

"चालतं देवीला," ते म्हणाले. "कुंकू लाव हिच्या बोटाला."

मी लावलं. पण सासूबाईंचा हात उचलेना. मामंजी गुडघ्यांवर बसले, त्यांनी अंथरुणावर ते बोट चाचपून शोधलं आणि टाक खाली नेऊन देवीचं कपाळ त्याला टेकवलं.