धुतलेल्या पेट्रोलची साय

मला धुणेमामांनी फसवलं. वजनात नाही, भावात नाही. साय काढून फसवलं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर पंक्चर काढता काढता मी भाड्याच्या जनरेटरपर्यंत आणि तलावातल्या मोटरबोटीपर्यंत पोचलो. एवढ्या वाटेत मला गंडवणारा हा एकच माणूस.

धुणेमामा कपडे धूत नसत, पेट्रोल धूत. हल्लीच्या पेट्रोलमध्ये उसाचं इथेनॉल असतं. रोजच्या गाडीला ते खपून जातं, पण माझी बोट आणि फवारणीचे पंप महिनोन्‌महिने उभे. टाकीतलं ते पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि ऐन वेळी इंजिन रुसतं. मामांचा उपाय सोपा. कॅनमधल्या पेट्रोलात पाणी ओतायचं आणि घुसळायचं. इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं, वर निव्वळ पेट्रोल. "तुझाच ऊस हाय बे," ते म्हणत, "आंघोळ घालून परत दिला."

मामांचा सगळा जन्म चौसाळ्याला दूध संकलनावर गेला. आयुष्यभर लोकांच्या दुधातलं पाणी पकडलं आणि म्हातारपणी स्वतः पेट्रोलमध्ये पाणी घालत बसले. दूध तपासायचं लॅक्टोमीटर ते पेट्रोलात सोडत. ते गपकन तळाला जाई.

"बघ, किती हलकं झालंय!"

"मामा, ते न धुतलेल्यातबी बुडतंय."

"बुडतंय. पण एवढ्या समाधानानं न्हाई बुडत."

मजुरी ते गावात कुणाकडूनच घेत नसत. जो काही मागतच नाही त्याच्याशी घासाघीस कशी करणार? तिथंच मी फसलो.

माझ्या पोराची सोयरीक कडा गावच्या पाहुण्यांशी जुळत आली होती. मुलीला बोटीत बसायचं होतं. मी मामांना म्हणालो, "आज इंजिन बंद पडलं तर सोयरीक बुडाली." मामांनी छातीवर हात ठेवला आणि कॅन भरून दिला.

बोटीत पोरगा, मुलगी, तिचे वडील आणि मी. नळीतल्या जुन्या पेट्रोलवर बोट झोकात निघाली. तलावाच्या मधोमध दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"बंद कावून पडली, पाहुणे?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मी काठाकडं बघून ओरडलो, "मामा! कॅनमध्ये काय दिलंत?"

काठावर मामा आपल्या स्कूटरची टाकी उघडून आत वाकून बघत होते. मग तिथूनच ओरडले, "अरे, साय माझ्याकडंच हाय!"

दूधवाल्या घराची रीत अशी की वरची साय घरात ठेवायची, खालचं गिऱ्हाइकाला द्यायचं. मामांनी वरचं पेट्रोल सवयीनं स्कूटरमध्ये ओतलं आणि खालचं उसाचं पाणी मला दिलं.

मी शिव्या आवरत इंजिनाची दोरी ओढत राहिलो. तोवर मुलीनं जेवणाच्या डब्याचं झाकण काढून वल्ह्यासारखं पाणी मारायला सुरुवात केली. पोरानं दुसरं झाकण घेतलं. काठ येईपर्यंत दोघं भिजून हसत होती, आणि तिचे वडील मला म्हणाले, "इंजिनाचं ऱ्हाऊ द्या. जोडा चालू हाय."

लग्नाच्या पंगतीत मामा ताटाताटाला सांगत होते, "ही सोयरीक मी जमवली." एकदासुद्धा चुकलो म्हणाले नाहीत.

पुढं ते पुण्याला लेकीकडं गेले. तिथं त्यांनी काय घ्यावं? विजेवरची स्कूटर! फोनवर म्हणाले, "लई भारी हाय बे. काई धुवायचंच न्हाई."

इकडं माझी बोट उभी आहे. कॅन मी स्वतः घुसळतो, लॅक्टोमीटर सोडतो, ते बुडतं. पण समाधानानं बुडत नाही, हे आता मलाही दिसायला लागलंय. सगळ्या गावाला धुतलेल्या पेट्रोलची सवय लावायची आणि स्वतः विजेवर बसून पसार व्हायचं, ही कुठली पद्धत? फोनवरचं उत्तर मी धरणार नाही. मामांनी इथं यावं, माझ्या दुकानापुढच्या बाजेवर बसावं, आणि तोंडावर सांगावं: कावून गेलात?