गच्चीवरच्या फेऱ्या

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आजारी पडले आणि बरी होऊन दवाखान्यातून वर्ध्याच्या घरी परतले. ताप गेला, भीती गेली नाही. दर पाच मिनिटांनी मी ऑक्सिमीटरमध्ये बोट घालायची. आकडा एकाने जरी उतरला, तरी दुसरं बोट घालून पुन्हा बघायची. उरलेला वेळ मोबाइल आणि त्यावरच्या मरणाच्या बातम्या. झोप पार उडाली होती.

नवरा नोकरीमुळे नागपुरात अडकलेला. घरात सासूबाई आणि मी. एका सकाळी त्यांनी ते यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मंधात मांगू नको."

"आई, पण मले दम लागून राह्यला."

"डॉक्टरनं फोनवर काय सांगतलं? थोडं थोडं चाल. उद्यापासून गच्चीवर जाऊ, ऊन तापायच्या आत."

पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत मी खाली बसले आणि रागाने रडले. पण तिथेच ठरवलं, उद्या तीन. बातम्याही संध्याकाळी अर्धाच तास बघायच्या.

शेजारच्या गच्चीवर एक निवृत्त गुरुजी खुर्ची टाकून बसलेले असत. त्यांची बायको त्याच महिन्यात कोरोनाने गेली होती. ते कुणाशी बोलत नव्हते. आम्ही पाठवलेला डबा अर्धा तसाच परत यायचा.

आठवडाभराने सासूबाईंनी कठड्यापाशी जाऊन त्यांना हाक मारली. "गुरुजी, हिच्या फेऱ्या हिच्या ध्यानात राहत नाई. तुमी मोजून द्याल का?"

मला नीट मोजता येत होतं. तरी मी पहिली फेरी सुरू केली. गुरुजींनी नुसती होकारार्थी मान हलवली. तिसऱ्या फेरीला मात्र त्यांचा घोगरा आवाज आला, "तीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचायच्या आधी ते कठड्याशी उभे होते. "काल आठ झाल्या. आज नऊ करा." मी सात झाल्यावर थांबले, तर शाळेतल्यासारखे ओरडले, "नऊ म्हटल्या होत्या!"

पुढे तेही मास्क लावून आपल्या गच्चीवर चालू लागले. एक दिवस चालता चालता मध्येच थांबले.

"तिले मी किती खेपा म्हटलं, चाल माह्यासंगं फिराले. ती म्हणे, पोळ्या कोन करन?"

ते हसले आणि उभ्याउभ्याच रडू लागले. सासूबाईंनी समजावलं नाही. त्यांचं रडणं संपेपर्यंत त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उद्या येजा."

ते आले. त्यानंतर रोज येत राहिले.

ऑफिस सुरू झालं तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना मी न थांबता चढले. छातीत धडधड अजूनही कधी कधी होते. मग मी जिन्यात उभी राहून दहा लांब श्वास घेते आणि वर जाते.