टोपी आणि चांदण्यांची ओळ

घरात असून घरात नसलेला आमच्या दाजींसारखा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, पलूसकडच्या एका शाळेत विज्ञानाचे मास्तर. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पण आकाशगंगा मला त्यांच्यामुळं कळली. आपल्या आकाशगंगेभोवती म्हणे बारक्या आकाशगंगा फिरतात. चांदण्यांचे दाट पुंजके असतात, त्यांतल्या चांदण्या आकाशगंगेच्या ओढीनं सुटत जातात आणि त्यांची लांबच लांब ओळ होते. एखादी बारकी आकाशगंगा शेजारून गेली, की ती ओळ वाकते, मधेच विरळ होते. दाजींना हे जिथंतिथं दिसायचं. रस्त्यानं मेंढरं चालली की ते सायकलवरून उतरायचे. शेजारून एस.टी. गेली आणि रांग वाकली, की मेंढक्याला म्हणायचे, "बघितलंस? अगदी अशीच!" तो म्हणायचा, "गुरुजी, बघताय काय, हाकायला या की!" आक्का तर रांगोळीचा डबासुद्धा त्यांच्यापासून लपवून ठेवायची.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. त्यांची एकुलती लेक शोभा हिला मेढ्याचं स्थळ बघायला आलं. आधीची दोन मोडलेली. आक्कानं बजावलं होतं, "आवं, आज तेवढं आभाळाचं काढू नगा." दाजी शहाण्यासारखे गप्प बसले. पण मुलाच्या वडिलांनीच कौतुकानं विचारलं, "गुरुजी, तुमी पोरांना शिकवता काय?" झालं! दाजींनी बशीतल्या पोह्यांची सतरंजीवर ओळ घातली. बारकी आकाशगंगा म्हणून काय घ्यावं ते दिसेना, तेव्हा भान विसरून त्यांनी पाहुण्यांच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि पोह्यांशेजारून फिरवली. "बघा, बघा, कशी वाकली!"

पाहुणे उघड्या डोक्यानं उभे राहिले. "चला रं. टोपीला हात घातला, आता काय ऱ्हायलं?"

ही गोष्ट इतकी पसरली, की पुढं स्थळच येईना. शोभाच्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली. दाजींनी आभाळाचं नाव टाकलं.

परवा मी आक्काकडं गेले होते. शोभा मशीनवर कुणाच्या तरी लग्नाचं पोलकं शिवत होती आणि दाजी शेजारी बसून हुक लावत होते. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काही विचारलं, "दाजी, ओळीतनं सुटलेल्या चांदण्या कुठं जातात?"

मशीन थांबलं. दाजींनी मान वर केली नाही.

"जात्यात कुठं? फिरत्यात हितंच. कुणाच्या ओळीत नसत्यात, एवढंच."

"दादा, हुक उलटा लागला," शोभा वडलांना म्हणाली.

"व्हय की," म्हणत दाजींनी तो उसवायला घेतला.