निखळलेला खांदा आणि माझी जबानी

"पोत्यांवरून पडलेल्या बाईच्या मनगटावर बोटं उमटत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

निपाणीचा सरकारी दवाखाना, सकाळचे दहा. माझ्या उजव्या खांद्याचं डिसलोकेशन झालं होतं, म्हणजे हाड सांध्यातून निखळलं होतं. हे निदान त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि मनगटाचं त्याहून हळू.

त्याआधी मी त्यांना पडण्याची गोष्ट सांगितली होती. आणि काय सांगितली होती! तंबाखूच्या वखारीत आम्ही बायका पाला निवडत बसतो तेव्हा हात अडकलेले आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळे गोष्टी सांगण्यात मी मुरलेली. पोत्यांची थप्पी कशी डुलली, वरून मांजर कसं झेपावलं, मी "आई गं" करत कशी कोसळले. मांजराचा रंगसुद्धा सांगितला. केसपेपर लिहिणारे कंपाउंडर हसले आणि त्या दुखण्यातही मी खूश झाले. डॉक्टरीणबाई मात्र मनगटाकडे बघत राहिल्या.

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून पडदा ओढला. "वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी खांदा बसवणारच आहे."

हिरवा पडदा वाऱ्यानं फुगत होता, बसत होता. अडतीस वर्षांची विधवा बाई मी, तोंडाळ म्हणून गल्लीत नाव, पण त्या घडीला एकच शब्द फुटला. "दिवाणजी."

आदल्या संध्याकाळी वखारीच्या दिवाणजीनं, म्हणजे मालकाच्या कारकुनानं, रजेचं बोलायला मला माडीवर बोलावलं, दार लावून घेतलं आणि माझ्यावर बळजबरी केली. एवढंच इथं लिहिते.

"कालचे कपडे कुठं आहेत?"

"धुतले की. वाळलेबी आसतील."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले.

हे वाचणाऱ्या बायांनो, इथं लक्ष द्या. वखारीतून आलेली बाई चुलीला शिवण्याआधी अंघोळ करते आणि लुगडं धुवून टाकते. नाहीतर तंबाखूची भुकटी भाकरीत उतरते आणि पोरं ओकत बसतात. शेजारच्या पारूनं मला दारात पाहिलं, एक शब्द न विचारता पाणी तापवलं, डोक्यावरून न्हाऊ घातलं आणि लुगड्याला दोनदा साबण लावला. तिनं मायाच केली. पण पुरावा मोरीतून वाहून गेला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारून स्वॅब घेतला, म्हणजे कापसाच्या काडीनं नमुना घेतला, पण त्यांच्या चेहऱ्यावर फार आशा नव्हती. म्हणून सांगते, आधी दवाखाना, मग अंघोळ. कपडे न धुता कागदात गुंडाळून सोबत न्या.

"मग आता ऱ्हायलं काय?" मी विचारलं.

"खांदा राहिला, मनगट राहिलं. ते मी लिहिते. आणि तुम्ही राहिलात."

खांदा बसवायला सिडेशन दिलं, म्हणजे गुंगीचं इंजेक्शन. त्यानंतर दुपारपर्यंत मी जमिनीवर नव्हतेच. पंख्याच्या प्रत्येक फेरीला वॉर्ड थोडा वर उचलला जायचा. उन्हाची तिरीप खिडकीतून आली की वखारीत भुकटी सोन्यासारखी तरंगते, तशा साऱ्या खाटा तरंगत होत्या. समोरची बाळंतीण कानडीत अंगाई म्हणत होती. माझं कानडी बाजारापुरतं, पण त्या दिवशी तिचा शब्द न् शब्द कळल्यासारखा वाटला. मी माडीचा जिना उतरत होते, उतरतच होते, आणि पायऱ्या संपल्या तिथं तंबाखूचं शेत होतं, कमरेएवढं, हिरवंगार. त्यात चिटपाखरूही नव्हतं. मी तिथं पुष्कळ वेळ उभी राहिले.

जाग आली तेव्हा उशाशी शेवंता आक्का बसली होती. आमच्या वखारबायकांच्या संघटनेची ती म्होरकी. आणि पायथ्याशी हवालदार! माझी मेडिको-लीगल केस होती, म्हणजे दवाखान्याला पोलिसांना कळवावी लागते अशी.

"ए बाई, कशाला हे?" हवालदार खुर्ची ओढत म्हणाले. "दिवाणजी बायकापोरांचा मानूस. पडलीस म्हनून लिवतो, तुजीबी अब्रू ऱ्हाईल."

"तिची अब्रू तिच्यापाशी हाय," आक्का म्हणाली. "ज्याची गेली त्येच्या घरी जाऊन इचारा."

हवालदारांनी कागद काढला. मी अर्धा तास बोलले, ते लिहीत होते. कानडीत, कारण निपाणी कर्नाटकात. जवळच्या सदलग्याच्या, दोन्ही भाषा येणाऱ्या सिस्टर औषध द्यायला आल्या, तेव्हा आक्कानं त्यांना कागद वाचायला लावला. सिस्टरनी मराठीत सांगितलं, "वखारीत वाद झाला. ढकलाढकलीत मी पडले."

दोन ओळी! आणि कोर्टात जाणार होता तो हाच कागद. त्यावर जे नाही ते घडलंच नाही, असं ठरणार होतं. मी उठून बसले.

"हवालदारसायेब, पुन्यांदा लिवा. एक वाक्य मी बोलनार, एक तुमी लिवनार, सिस्टर मराठीत वाचून दावनार. मगच पुढलं."

"सांज हुईल की गं!"

"व्हय. मला कुठं जायाचंय?"

बाळंतिणीला हसू आवरेना. मग मी सांगायला लागले, आणि जन्मात पहिल्यांदा काहीही न सजवता सांगितलं. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा माझ्या कानावर येत होता. दोनदा रडले, हवालदार दोनदा थांबले. एके ठिकाणी सिस्टर म्हणाल्या, "इथं ‘बळजबरीनं’ शब्द राहिला." हवालदारांनी तो घातला. त्यांचा चहा साय धरून तसाच राहिला. चार पानं भरली.

त्यांनी शाईचं पॅड उघडलं आणि माझा डावा अंगठा धरला.

"आँ? मी सातवी पास हाय!"

"आगं, पर उजवा हात बांधलाय न्हवं?"

"डावा हाय की."

डाव्या हातानं मी सही करायला घेतली. अक्षरं मुंग्यांसारखी सैरावैरा पळायची आणि कागद सरकायचा. हवालदारांनी वाकून कागदाची कड दाबून धरली.

"सावकाश, आक्का," ते मला म्हणाले.

दिवाणजीला पोलिसांनी त्याच संध्याकाळी धरलं. केस अजून बेळगावच्या कोर्टात आहे आणि तारखेमागून तारीख पडते. संघटनेच्या दोघी दर वेळी माझ्याबरोबर एस.टी.त असतात. डॉक्टरीणबाई धारवाडला बदलून गेल्यात, तरी साक्षीला येऊन गेल्या. या सगळ्यांचे, आणि पारूचेसुद्धा, मी आभार मानते.

खांदा महिन्याभरात सांधला. निकाल काय लागेल, मला माहीत नाही. पण त्या चार पानांत मी सांगितलं तेच आहे, आणि मला बरं वाटायला लागलं ते सही केली त्या संध्याकाळपासून. औषधांनी नंतर हातभार लावला.